काजूच्या टरफलाचे दुसरे तेल

मी, ॲश्लिन जेरी रॉड्रिग्ज, वय २६ वर्षे, व्यवसाय नोकरी, राहणार जामसंडे, ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग, समक्ष हजर राहून विचारल्यावरून जबाब देते की,

मी वरील पत्त्यावर आईवडिलांसह राहते. माझे शिक्षण रासायनिक अभियांत्रिकीचे आहे. तळेरे रस्त्यावरील जैवतेलाच्या कारखान्यात मी प्रयोगशाळा पाहत होते. कारखान्याचे मालक सर्वेश वाळके आहेत.

तेथे काजूची टरफले हवा बंद ठेवून सुमारे पाचशे अंशांवर क्षणात तापवतात व निघालेली वाफ लगेच थंड करतात. जो काळा द्रव मिळतो ते जैवतेल. त्यात साधारण चौथा हिस्सा पाणी असते. त्याची आम्लता लिंबाच्या रसाच्या जवळपास जाते. साधे लोखंड ते खाते. साठवून ठेवले की घट्ट होत जाते.

टरफले घाण्यात पिळून काढलेले तेल वेगळे. ते होडीच्या फळ्यांना लावण्याची पद्धत आमच्या किनाऱ्यावर जुनी आहे. त्याने लाकडाला कीड लागत नाही. दोन्ही तेले एकाच टरफलाची आणि दोन्ही काळी.

मे महिन्यात, हे जैवतेल जळण म्हणून घेणाऱ्या बॉयलरवाल्यांनी घट्ट झालेल्या तेलाची पिंपे परत पाठवली. मालकांनी ते पातळ करून 'काजू तेल' म्हणून कुणकेश्वरच्या होडीवाल्यांना विकायला काढले. मी एक लोखंडी खिळा त्या तेलात आठवडाभर ठेवला व त्यांना नेऊन दाखवला. त्याला खड्डे पडले होते. ते कामगारांसमोर म्हणाले, "होडयेक तुझा पीएच कळता काय गो? काजूचाच तेल ता. तू आपली बाटल्यो धू." कामगार हसले.

त्या संध्याकाळी मी कुणकेश्वरला गेले. तेथील होडीवाले लवू तारी आपल्या होडीला तेच तेल लावत होते. मी त्यांना थांबायला सांगितले. ते म्हणाले, "बाय, माझो आजो काजूचाच तेल लायी. तेलान होडी खाल्ल्यान, असा खंय आयकलंस?" मी सांगितले की हे घाण्याचे तेल नाही, धूर थंड करून काढलेले आहे. त्यावर ते म्हणाले, "तुझो सायब घाण्याचा म्हणता. तुमी दोघा आधी ठरवा." त्यांच्या पत्नी पद्मावती यांनी निघताना मला बांगडे दिले. ते मी घेतले.

नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यात गेली. थोड्याच दिवसांत, समुद्र शांत असताना, तळाची फळी सुटली. लवू तारी यांच्यासोबत होडीत असलेले त्यांचे भाऊ बाबली पोहत किनाऱ्याला लागले. लवू तारी यांचा मृतदेह दुसऱ्या दिवशी मिळाला. किनाऱ्यावर ओढून आणलेली होडी मी पाहिली आहे. सुटलेल्या फळीत खिळ्यांच्या जागी काळी भोके आहेत.

मालक म्हणतात की होडी जुनी होती व लवू तारी दारू प्यायले होते. तो श्रावणी सोमवार होता. लवू तारी उपाशीपोटी समुद्रात गेले होते.

हेच तेल लावलेल्या आणखी चार होड्या कुणकेश्वरहून रोज बाहेर जातात. त्यांच्या मालकांना मी पुन्हा जाऊन सांगितले. सर्वेश वाळके यांनी त्यांना निरोप धाडला, "ॲश्लिनाक कामार्‍हून काढलंय, म्हणान भुकता." मला कोणी काढलेले नाही. या ठाण्यात येण्यापूर्वी मी स्वतः राजीनामा दिला आहे.

त्या चार होड्या उद्या पाण्यात जाऊ नयेत. कारखान्यातील उरलेली पिंपे ताब्यात घ्यावीत. नमुने माझ्याशी व मालकांशी संबंध नसलेल्या प्रयोगशाळेत तपासावेत. होडीची सुटलेली फळी पद्मावती तारी यांच्या अंगणात आहे. ती तेथून कोणाला उचलू देऊ नये.

हा जबाब संगणकावर घेऊन मला वाचून दाखवला. त्यात एका जागी 'अपघाती मृत्यू' असे आले होते. ते शब्द माझे नाहीत. ते मी खोडायला लावले व बाजूला सही केली आहे. बाकी सर्व मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.