रिकाम्या आकारातला नवा पाना

वहिनी, समीर, काचीगुड्याची आणि आमच्या कारखान्याची सगळी मंडळी. बोलायला उभा राहिलो खरा, पण मला बोलायची सवय नाही. सांभाळून घ्या.

कुलकर्णीसाहेब गेले. मी त्यांच्या हाताखाली फिटर होतो. साहेब म्हणजे मोजणी. घरी पाहुणे उठले की चमचे मोजायचे, वहिनी सांगतील. हँगरमध्येही तेच. भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक हत्याराचा आकार रंगवलेला. एक जरी आकार रिकामा दिसला, तरी विमान उडणार नाही.

लष्करातल्या शिकाऊ वैमानिकांसाठी आम्ही एक विमान बनवत होतो. एकच नमुना तयार झाला. पुढे कामच बंद पडलं. का? तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय, लग्नाकार्यातसुद्धा ऐकलंय. ऐन प्रात्यक्षिकाच्या दिवशी कुलकर्णींनी विमान अडवलं, दिल्लीचे पाहुणे उठून गेले. साहेब ऐकून घ्यायचे. हसायचे.

आज खरं सांगतो. आदल्या दिवशी एक पाना हरवला. माझ्या हातून. मी घाबरलो. कोठीत गेलो, तसाच नवा पाना आणला आणि फळीवर टांगला. आकार भरला. मोजणी बरोबर!

सकाळी साहेबांनी तो पाना उलटून पाहिला. आमच्या प्रत्येक पान्यावर नंबर कोरलेला असायचा. यावर नव्हता. त्यांनी तिथल्या तिथे विमान थांबवलं, शेपटीकडचं झाकण उघडायला लावलं. हरवलेला पाना आत होता. विमान वळवणाऱ्या कंट्रोलच्या तारेला टेकून.

अहवालात त्यांनी काय लिहिलं? "तपासणी माझ्याकडून, कुलकर्णीकडून, राहिली." मी म्हणालो, साहेब, मी सांगतो सगळं. ते म्हणाले, "खामखा बोलू नको. तुझी नौकरी कच्ची आहे, माझी पक्की. बस्स."

मग माझीही पक्की झाली. तरी मी बोललो नाही. त्यांची बढती अडली, तरी बोललो नाही. आधी भीती होती, नंतर लाज, आणि पुढे पुढे सवयच झाली.

समीर, ते विमान माझ्यामुळे थांबलं. त्यात दोन वैमानिक बसणार होते. ते दोघं त्या संध्याकाळी आपापल्या घरी जेवायला बसले, ते तुझ्या बाबांमुळे.

वहिनी, हे साहेबांच्या देखत सांगायला हवं होतं. माफ करा.

आता सगळे उभे राहू या. इतकी वर्षं मी स्वतःसाठी गप्प राहिलो. ही दोन मिनिटं साहेबांसाठी.