उजव्या खांद्याचा लक्ष्या

माझं म्हायेर शिराळ्याचं, दिलं हिकडं कडेगावला, टेलरच्या घरात. नाव रेश्मा. सासऱ्यांना समदं गाव बाबूचाचा म्हनतं, आमी अब्बा म्हनतो. काय सांगू तुमाला, अब्बांनी शिवलेला सदरा अंगात असल्याबिगर हितला नवरदेव घोड्यावर बसत नव्हता असा काळ हुता. मग तयार कपडे आले आन शिलाईचं गिऱ्हाईक आटलं. शिलाई मशीनवर चादर टाकून अब्बा घरात बसले ते बसलेच. बोलनं बी कमी झालं. जेवा म्हनलं तर जेवायचे, न्हाई म्हनलं तर तसंच. लय बोलका मानूस हो, आन असा गप झाला की घरात करमत न्हाई बगा.

तर आमचे हे साखर कारखान्यात हाईत, ह्यांनी आन मी मिळून अब्बांच्या शिलाईच्या दुकानातच टी-शर्ट छापायचं मशीन घातलं. अवघड न्हाई, दाखवते की. ह्यो पातळ कागद बगा, आरपार दिसतंय, ह्याला फिल्म म्हनायचं. मशीन ह्याच्यावर चित्र छापतं, वरनं गोंदाची बारीक पावडर टाकून गरम करायची, मग टी-शर्टवर पालथं घालायचं आन ह्या मोठ्या इस्त्रीत दाबायचं. आन मग थांबायचं. थंड झाल्यावरच फिल्म सोलायची, घाई केली की चित्र संगट निघून येतं. मला तर सोलताना अजून बी नवीन साडीची घडी मोडल्यावानी वाटतं. पन अब्बा दुकानात पाऊल टाकनात. म्हनायचे, ना माप, ना टाका, हे काय काम हाय व्हय?

मग तात्यांचं काम आलं. तात्या म्हंजे शेजारच्या वाडीचे, त्यांचा लक्ष्या बैल शर्यतीत पळतो. वाडीतल्या पोरांना एकसारखे टी-शर्ट पायजे हुते, छातीवर लक्ष्याचं तोंड, पाठीवर वाडीचं नाव. माझं पहिलं मोठं काम आन हे नेमके कामावर. मी म्हनलं, अब्बा, जरा हात लावा की. आन काय सांगू, आले! चष्मा लावून फिल्म बगितली, म्हनले, हे पालथं घालनार न्हवं? मग उलटं उमटंल. आमी बी कापड उलट्या बाजूनंच आखतो. तू चित्र आधी उलटं करून घे.

आता मशीन सोताच उलटं छापतं, मग टी-शर्टवर सुलटंच उमटतं, हे मला ठावं हुतं. पन इतक्या दिसांनी मानूस आपनहून बोललं, त्येला न्हाई कसं म्हनू? चित्रात अक्षरं असती तर ऐकलं नसतं, पन वाडीचं नाव पाठीवर मी येगळं छापनार हुते. आन बैलाच्या तोंडाला काय उलटं न काय सुलटं? केलं उलटं. अब्बा एकेक फिल्म अशी सोलत हुते, जनू बाळाचं दुपटं काढत्यात.

निम्मे झाले आन तात्या बगायला आले. एक टी-शर्ट उचलला आन त्यांचं तोंडच उतरलं. म्हनले, आवं बाबूचाचा, ह्यो आमचा लक्ष्या न्हवं. लक्ष्याच्या उजव्या शिंगाचं टोक मोडलंय, तुमी डावं मोडलं. लक्ष्या उजव्या खांद्याचा, गाडीला कायम उजवीकडं, जन्मात कवा डाव्या अंगाला जुपला न्हाई. हे घालून पोरं मैदानात ग्येली तर लोकं हसत्याल की वं!

मी झटदिशी म्हनलं, तात्या, माझं चुकलं. तर अब्बा म्हनले, न्हाई, पोरीचं न्हाई, माझं चुकलं, आन चपला हुडकाय लागले. टी-शर्ट ग्येले तरी चालत्याल, पन ह्यो मानूस आता घरात ग्येला तर पुन्यांदा दुकानात येनार न्हाई.

मी पटदिशी एक सुलटा छापला आन म्हनलं, अब्बा, एवढा सोलून जावा. त्यांनी सोलला, टेबलावर उलट्याच्या शेजारी ठिवला, आन तिथंच हुबे ऱ्हायले. दोन्हीवरनं हात फिरवला, सदऱ्याचे पल्ले जुळवत्यात तसा. म्हनले, तात्या, सदऱ्याला डावा पल्ला बी लागतो आन उजवा बी. गाडीला कसं असतं?

तात्यांनी वाकून बगितलं. एक शिंग हिकडनं मोडलेलं, एक तिकडनं. आन जे हसाय लागले, डोळ्यात पानी येस्तवर! म्हनले, गड्या, लक्ष्याला शोभंल असा डाव्या खांद्याचा बैल गावोगाव हुडकला, कुटं गावला न्हाई, आन तुमी सासरा-सुनंनं इस्त्रीखाली काढला की रं! उरलेले सुलटे करा, जोडी-जोडीनं हुबी करतो पोरं.

शर्यतीत तशीच हुबी केली. दोघंदोघं, खांद्याला खांदा लावून. लक्ष्या त्या दिशी दुसरा आला, पन लोकं पोरांचेच फोटो काढत हुती. मग काय, आसपासच्या बैलवाल्यांची रीघच लागली.

आता अब्बा रोज माझ्या आधी दुकानात. गळ्यात टेप असती, माप कशाचं न्हाई, पन असती. गिऱ्हाईक आलं की पयला सवाल, बैल कुटल्या खांद्याचा? परवा एक बाई लेकाच्या वाढदिवसाला फोटो छापाय आली, तिला बी इचारलं, भांग कुटल्या अंगाला पाडतो? ती बिचारी घरी फोन लावून बसली. फिल्म मातर मला सोलू देत न्हाईत. अल्ला त्यांचा हात असाच चालता ठिवो, दुसरं काय मागू? आज सकाळी म्हनलं, अब्बा, च्या थंड हुतोय. तर म्हनले, हू दे. आधी ही फिल्म थंड हू दे.