पपांनी आणली तशी

मार्लिस : आणि हे काम झालं की तुझ्या बायकोची, जूनची गाडी परत गॅरेजमध्ये येणार, असं तू तिला कितव्या वर्षी सांगितलंस?

एल्डन : पहिल्या.

मार्लिस : आता कितवं चालू आहे?

एल्डन : सहावं. गाडीला बर्फाची सवय झालीये. जूनला नाही. तू चिठ्ठी तपासायला आलीस ना, ती तपास.

मार्लिस : एकतीस वर्षं चौथीच्या पोरांचे निबंध तपासले, आता सख्ख्या भावाच्या तीन ओळी. निवृत्तीनंतर याहून मोठा मान कुठला. चष्मा लावू दे. ‘ओन्नी कोस्केला, पायदळ. ही जर्मन रायफल त्यांनी १९४५ साली युद्धावरून घरी आणली. आणली तशीच ती येथे ठेवली आहे.’

एल्डन : काही चुकलंय?

मार्लिस : शुद्धलेखन बरोबर आहे. फक्त खोटं आहे.

एल्डन : काय खोटं आहे त्यात?

मार्लिस : ‘तशीच’. पपांनी आणली तेव्हा हे लाकूड तिच्यावर होतं?

एल्डन : असंच होतं. त्याच कारखान्याचं, त्याच सालचं. अक्रोडाचं. शोधायला दोन वर्षं गेली.

मार्लिस : कुठे सापडलं?

एल्डन : ओहायोत. एका म्हाताऱ्याकडे.

मार्लिस : आणि ह्या लोखंडी कड्या?

एल्डन : एक पेन्सिल्व्हेनियातून. एक टेक्सासमधून, पण ती मी घासून बसवलीये. पट्टा पोलंडचा.

मार्लिस : म्हणजे पपांचं काय उरलं?

एल्डन : नळी. आणि चापाची सगळी यंत्रणा.

मार्लिस : वा. तेवढ्यावर ‘तशीच’. उद्या माझे गुडघे, दात आणि केस बदलून घेते आणि मिरवते, मी नवरी होते तशीच आहे म्हणून.

एल्डन : तुला समजायचं नाही ते.

मार्लिस : नाहीच समजत. तू सतरा वर्षांचा असताना एका दुपारात करवत चालवून जे कापलंस, ते पुन्हा जोडायला तुला सहा वर्षं लागली. हे समजायला डोकं लागतं.

एल्डन : तेव्हा सगळेच कापायचे. हार्डवेअरच्या दुकानात फौजी बंदुका पिंपात उभ्या असायच्या, छत्र्या ठेवतात तशा. एक घ्यायची, पुढचं लांबलचक लाकूड कापायचं, उरलेलं घासायचं, तेल चोळायचं. झाली शिकारीची रायफल. प्रत्येक गॅरेजात एक शहाणा होता.

मार्लिस : आपल्याकडे तर पिंपातून आणायचीही गरज पडली नाही. घरातलीच सापडली शहाण्याला.

एल्डन : हो.

मार्लिस : न विचारता.

एल्डन : न विचारता. झालं समाधान? तो एवढा ब्रश दे इकडे.

मार्लिस : घे. आणि शनिवारी माजी सैनिकांच्या हॉलमध्ये ही मांडायची, सगळ्यांनी येऊन माना डोलवायच्या. चौपन्न वर्षांनी तुला याची काय गरज पडली, तेवढं तरी सांगशील?

एल्डन : मी ती कापली त्या संध्याकाळी तू घरात होतीस?

मार्लिस : होते की. अकरा वर्षांची होते. स्वयंपाकघरात गणितं सोडवत होते.

एल्डन : मग तू पपांचं तोंड पाहिलं नाहीस. खाणीतून आले. मी बंदूक टेबलावर ठेवली होती, ओल्या तेलाने चमकत होती. मला वाटलं खूश होतील. त्यांनी उचलली. उलटी केली. दस्त्याच्या खालच्या बाजूवरून अंगठा फिरवला. बराच वेळ. मग म्हणाले, ‘बरं झालंय.’ आणि हात धुवायला गेले.

मार्लिस : बरं म्हणाले ना?

एल्डन : मार्लिस, बादलीला पोचा पडला म्हणून त्यांनी मला कुंपणापर्यंत पळवून मारलंय. सौनाचं, त्या वाफेच्या न्हाणीघराचं दार उघडं राहिलं म्हणून अख्खा आठवडा बोलले नव्हते. आणि मी त्यांची युद्धातली बंदूक कापली, तर ‘बरं झालंय’. शिवी दिली असती तर त्या रात्री झोप लागली असती मला. सहा आठवड्यांनी मी मिलवॉकीला कामाला लागलो. ते मरेपर्यंत आमच्यात त्या बंदुकीचा विषय निघाला नाही. मग मी म्हटलं, त्यांचं आपण मोडलं, आपणच नीट करावं.

मार्लिस : अरे देवा. म्हणून तू हे करतोयस?

एल्डन : तुला काय वाटलं?

मार्लिस : मला वाटलं तुझे नेहमीचे उद्योग. त्या कोपऱ्यात सहा अर्धवट बंदुका पडल्यात, ही सातवी. ती पपांची आहे हेसुद्धा मला आज चिठ्ठी वाचून कळलं. एल्डन, तू कापलीस त्याआधी बंदूक कुठे असायची, आठवतं?

एल्डन : तळघरात. भट्टीच्या मागे, गोधडीत गुंडाळलेली.

मार्लिस : आणि नंतर?

एल्डन : मला काय माहीत, मी मिलवॉकीत होतो.

मार्लिस : स्वयंपाकघराच्या दाराजवळ, खुंटीवर. पपांनी स्वतः खुंटी ठोकली. दर नोव्हेंबरला घेऊन जायचे जंगलात. शेजारच्या साल्मेलांना दाखवलीसुद्धा, ‘पोराने केलीये.’

एल्डन : काहीही बोलू नकोस.

मार्लिस : मला खोटं बोलायचं असतं तर मी तुझी चिठ्ठी तशीच पास केली असती.

एल्डन : मग माझ्यासमोर तसे का उभे राहिले?

मार्लिस : दस्त्याच्या खालच्या बाजूला काय होतं, तुला आठवतं? घासायच्या आधी?

एल्डन : ओरखडे होते. मला वाटलं तळघरात उंदरांनी कुरतडलंय.

मार्लिस : शाबास. ते नाव होतं. चाकूने कोरलेलं. ज्या जर्मनाची बंदूक होती, त्याचं.

एल्डन : तुला कसं माहीत?

मार्लिस : मी आठ वर्षांची असेन. खाली बटाटे आणायला गेले, तर पपा भट्टीपाशी बसलेले, मांडीवर बंदूक, हातात पॉलिशपेपरचा तुकडा. घासत नव्हते. नुसते बसले होते. मी विचारलं काय करताय. म्हणाले, ‘काही नाही. हात चालत नाही.’ मला वाटलं हात दुखतोय. मी आईला सांगितलं, आईने मलम काढून ठेवलं.

एल्डन : मलम.

मार्लिस : हो, लावलंही त्यांनी. मग तू मिलवॉकीला गेल्यावर एक दिवस मी गणितं करत होते आणि ते आईशी बोलत होते. मी ऐकत नाहीये असं दोघांना वाटत होतं. म्हणाले, ‘पोराने एका दुपारी उरकलं. मला चोवीस वर्षं जमलं नाही.’

एल्डन : हे तू मला आज सांगतेस?

मार्लिस : तू आज विचारतोयस. मला वाटलं, पपांनी तुला केव्हाच सांगितलं असेल. बापलेक दोघांच्या तोंडात मिठाची गुळणी असते, हे मी धरलंच नाही.

(एल्डन ब्रश खाली ठेवतो.)

एल्डन : ह्या ओहायोच्या दस्त्यावरही काहीतरी कोरलंय. हे बघ, खाली.

मार्लिस : ‘के. एच.’ आणि पुढे पुसट. तू का नाही घासलंस?

एल्डन : मुद्दाम ठेवलं. खरं वाटावं म्हणून.

मार्लिस : छान. जे नाव पपांना चोवीस वर्षं पुसवलं नाही, ते तू पुसलंस. आणि आता भलत्याच माणसाचं आणून लावलंस.

एल्डन : पुरे आता.

मार्लिस : पुरे.

एल्डन : त्या फळीवरचं लाकूड काढ. पांढऱ्या डब्यामागे. जपून.

मार्लिस : हे तुझं कापलेलं? अजून ठेवलंयस?

एल्डन : फेकवत नव्हतं. दोन स्क्रू आहेत फक्त, दहा मिनिटांत बसेल.

मार्लिस : आणि शनिवारचं काय?

एल्डन : हॉलवाल्या गोर्डीला फोन करतो. म्हणतो, आमच्या टेबलावर दुसऱ्या कुणाचं मांड. कारण विचारलं तर सांगेन, बहिणीला शुद्धलेखन आवडलं नाही.

मार्लिस : खोटं मात्र उत्तम बोलतोस.

एल्डन : मार्लिस, तो... ज्याचं नाव होतं. पपांनी काही सांगितलं त्याच्याबद्दल?

मार्लिस : आईने विचारलं होतं, त्याच दिवशी. केवढा होता म्हणून.

एल्डन : काय म्हणाले?

मार्लिस : म्हणाले, ‘आपल्या एल्डनएवढा.’

(एल्डन कापलेल्या लाकडाच्या खालच्या बाजूवरून अंगठा फिरवतो.)

मार्लिस : जून कॉफीला हाक मारतेय. तुला वेळ लागेल म्हणून सांगू?

एल्डन : सांग. आणि तू परत ये. स्क्रू बसवताना कुणीतरी दुसरं टोक धरायला लागतं.