वरच्या खणातली डिस्क

…नाही, नाही, तुम्हीच सांगा, ठरलं होतं की नाही? वरचा खण सिस्टिमचा, खालचा खण डेटाचा! चाळीस मशिनं आहेत आमच्या खोलीत, एकाला एक जोडलेली, सगळी मिळून एकच भलंमोठं गणित सोडवतात. त्याला क्लस्टर म्हणायचं. प्रत्येकाच्या पोटात दोन खण. वरच्यात सिस्टिमची डिस्क, तिच्यावर मशीन चालतं. बिघडली तर पुसायची, नवं भरायचं, रडायचं नाही. खालच्यात डेटाची डिस्क, म्हणजे माणसांची कामं. तिला हात लावायचा नाही! सात वर्षांपूर्वी त्याच खोलीत फरशीवर मांडी घालून ठरवलं, मी आणि माझ्या साडूंनी. हो, साडू! माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते माझ्याच खोलीत कामाला. घरीही तेच, कामावरही तेच… सुटका म्हणून नाही.

तर परवा सगळ्या मशिनांत नवी सिस्टिम घालायची होती. आता प्रत्येक मशीन विचारतं, 'ही डिस्क पुसू का?' हो. 'नक्की पुसू?' हो रे बाबा. 'पुन्हा एकदा विचार करा…' अरे, चाळीस मशिनं, प्रत्येकाला तीनदा हो म्हणायचं, बोटं झिजतील माझी! म्हणून मी एक स्क्रिप्ट लिहिली, म्हणजे मशिनांनी आपापली पाळायची हुकमांची यादी. वरची डिस्क पूस, सिस्टिम भर, पुढच्याकडे जा, मला विचारू नकोस. विचारू नकोस हे मीच लिहिलं हो, याच हातांनी! पण कशाच्या जिवावर लिहिलं? ठरलं होतं ना आमचं!

सकाळीच वारेबाई येऊन गेल्या होत्या. वारेबाई म्हणजे आमच्याकडच्या संशोधक. सहा वर्षं मनोऱ्यांवर यंत्रं लावून वारा मोजतायत, आणि तो सगळा वारा सतरा नंबरच्या मशिनात. "सर, माझ्या नोंदींना काही होणार नाही ना? पुढच्या महिन्यात प्रबंध द्यायचाय." तुम्हाला सांगतो, मी नुसता हसलो. म्हटलं, "मॅडम, मी आहे ना!"

बटण दाबलं. वीस मिनिटांत चाळीसच्या चाळीस दिवे हिरवे! चहा ओतला, दोन घोट घेतले न घेतले, तोच वारेबाई दारात. "सर, सतरामध्ये काहीच नाहीये." आवाज कसा, घरातली साखर संपली म्हणून सांगावं तसा. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

काहीच नाही म्हणजे? धावलो, सतरा नंबर ओढून काढलं, झाकण उघडलं, आणि बघतो तर काय… वरच्या खणात ती जाडजूड डेटाची डिस्क! आणि सिस्टिमची खाली, जुनी, धडधाकट, केसालाही धक्का नाही.

मागे साडूभाऊ, हात मागे बांधून. "मीच वर ठेवली ती. खालच्या खणात फार तापत होती हो. वर जरा हवा लागते."

हवा लागते? अहो साडूभाऊ, ती डिस्क आहे, सासरेबुवा नाहीत! सांगायचं नाही एका शब्दानं? शेजारी बसता, माझ्या डब्यातलं खाता! "वहीत लिहिलंय की," म्हणाले. वहीत! ती वही मीच खिळ्याला टांगलेली, मीच वर लिहिलेलं, 'प्रत्येक बदल येथे नोंदवावा.' बरोबर आहे, नोंदवावा लिहिलं होतं. वाचावा असं कुठे लिहिलं होतं?

मी वारेबाईंसमोर हात जोडले. एका बाईच्या आयुष्यातली सहा वर्षं मी चहा गार व्हायच्या आत पुसली होती. "मॅडम, मी…" तर बाई म्हणतात, "असू दे सर. माझ्याकडे कॉपी आहे. दर शुक्रवारी घेते."

दर शुक्रवारी? का पण? मी होतो ना!

बाई फरशीकडे बघायला लागल्या. "तुमच्या या साडूंनीच सांगितलं होतं… पहिल्याच दिवशी. म्हणाले, माणूस सोन्यासारखा आहे, पण डिस्क त्यांच्या भरवशावर सोडू नका."

सहा वर्षं हो! दर शुक्रवारी गुपचूप कॉपी, आणि सोमवारी मला, "सर, तुम्ही आहात म्हणून मी निर्धास्त!" वाचलो म्हणून आनंद झाला का? झाला, खोटं कशाला बोलू. पण फार लागलं मनाला. डिस्क हलवली ते एक वेळ सोडा, ते वहीत तरी होतं. हे कुठल्या वहीत होतं? काही असेल तर तोंडावर बोलायचं, हेही ठरलं होतं ना आमचं?

घरी आलो, बूटसुद्धा काढले नाहीत, म्हटलं, "ऐक तुझ्या ताईच्या नवऱ्याचे प्रताप!" सगळं सांगितलं. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती, ती घालतच राहिली. "अगं, बोल की काहीतरी!"

"चिडणार नसाल तर सांगते," म्हणाली. "आपल्या लग्नाचे फोटो, लेकीचे लहानपणचे व्हिडिओ… सगळ्याची एक एक कॉपी ताईकडे आहे. पाच वर्षं झाली."

मी बसलो. बूट घालूनच बसलो. म्हटलं, "बरं… मग त्यातली एक कॉपी मला दे."

"तुम्हाला कशाला? बघावेसे वाटले तर ताईकडे जाऊन बघत जा ना."

रविवारी गेलो होतो. व्हिडिओ साडूभाऊंनीच लावून दिले… आणि मला म्हणाले, जरा लांब बसा.