टाकीवरचा नारळ

सन्माननीय अध्यक्ष काकासाहेब, मंचावर दाटीवाटीनं बसलेले पाहुणे, आज निवृत्त होत असलेले आपल्या वाचनालयाचे ग्रंथपाल दत्तोपंत, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या सौभाग्यवती कालिंदीकाकू, आणि चहा कधी येतो म्हणून दाराकडं बघणाऱ्या बंधू-भगिनींनो,

मी कडूबा सांडू, सोयगावचा. शिक्षण दहावीच्या दारापर्यंत. पंतांच्या विद्वत्तेवर अध्यक्ष पाऊण तास बोलले, तिथं माझ्यासाठी काही उरलं नाही. मी त्यांच्या मोटारसायकलीवर बोलतो.

वाचनालयाचं एक पुस्तक माझ्याकडं राहिलं होतं. मधल्या काळात मी नाशकाला गेलो, तिथून सुरतेला, तिथं एका गॅरेजात... ते असू द्या. परत आलो तर पंतांनी भर रस्त्यात धरलं. "पुस्तकाचं नंतर बघू. तुला जावा दुरुस्त करता येते का?"

मी हो म्हणालो. मी सगळ्यालाच हो म्हणतो.

गाडी त्यांच्या सिडकोतल्या घरामागं, पत्र्याखाली, बावीस वर्षं उभी. का? तर पूर्वी एकदा दोघं तिच्यावरून फर्दापूरला निघाले. अजिंठ्यात काकू पेरू घ्यायला उतरल्या. पंत त्या वेळी पुस्तकांवर क्रमांक कसे घालावेत ते समजावत होते. ते तसेच समजावत निघाले आणि घाट उतरून फर्दापुरात पोचले. तिथं "पटलं का?" म्हणून मागं वळले, तर मागं कुणी नाही. काकू पेरू घेऊन एसटीनं घरी. त्या दिवसापासून काकू गाडीवर बसल्या नाहीत, आणि त्यांच्याशिवाय पंतांनी किक मारली नाही.

पंत मला म्हणाले, "निवृत्तीच्या दिवशी हिला मागं बसवून फर्दापूरला न्यायचंय. राहिलेला रस्ता आहे तो."

आता सज्जनहो, गाडी दुर्लक्षानं खराब होते असं आपण समजतो. ही भक्तीनं झाली होती. टाकीचं झाकण हरवलेलं. दर दसऱ्याला काकू त्या तोंडावर आंब्याची पानं लावून नारळ ठेवायच्या. अगदी घटावर ठेवतात तसा. आणि घट कोरडा ठेवत नाहीत, म्हणून आत तांब्याभर पाणी अन् सुपारी. मी टाकी उलटी केली तर गंजाच्या चिखलातून सुपाऱ्याच सुपाऱ्या. शहागंजात जुनं सामान विकणाऱ्या चाचांना दाखवली. ते म्हणाले, "मियाँ, ये टंकी है के मन्नत का घडा?"

तरी मी गंज सुटावा म्हणून आत रॉकेल आणि मूठभर लोखंडी नट घालून टाकी आठ दिवस हलवली, बाळ निजवावं तशी. भोकं बुजवली. एका दुपारी काकू चहा घेऊन आल्या. मी म्हणालो, "काकू, चुकून लई नुकसान झालं बघा. टाकीत पाणी घालायचं नसतं."

काकूंनी कप ठेवला. "कडूबा, मी काय इतकी अडाणी आहे? पाणी घातलं की गाडी चालत नाही, ते ठाऊक होतं म्हणूनच घालत होते."

"पण पूजा?"

"पूजा केली की कुणी विचारत नाही. हे पुन्हा निघून गेले असते तर? मी नसले तरी ह्यांचं अडत नाही, हे मी एकदा पाहिलं. दुसऱ्यांदा नव्हतं पाहायचं."

पंत दारातच उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं. मग दोन दिवस ते पत्र्याकडं फिरकलेच नाहीत. मला वाटलं, मेहनत वाया गेली, गाडी आता भंगारात.

तिसऱ्या दिवशी ते काकूंना म्हणाले, "त्या दिवशी मी काय बोलत होतो ते आठवत नाही मला. पेरू कसे होते?"

"गोड होते. तुमच्या वाट्याचेही मीच खाल्ले."

"येतेस का?"

काकूंनी विचार करायला परवा रात्रीपर्यंत वेळ घेतला. मग अट सांगितली. रस्ताभर त्या बोलणार, पंतांनी ऐकायचं. आवाज थांबला की गाडी थांबवून मागं बघायचं. पंतांनी मान हलवली. आत्तासुद्धा ते बोलत नाहीयेत, बघा. सराव चाललाय.

गाडी बाहेर उभी आहे. तेव्हा अध्यक्षांचे, मला पाच मिनिटं देऊन पंधरा सोसणाऱ्या संयोजकांचे आणि आपणा सर्वांचे मनापासून आभार. कुणाचा मान राहिला असेल, जीभ घसरली असेल, तर ते माझ्या अर्धवट शाळेच्या नावावर टाका आणि मला मोकळं करा. चहा प्यायला की चार जणांनी जरा बाहेर या. पहिल्या किकला ती सुरू होईल असं मी सांगितलंय खरं, पण मी सगळ्यालाच हो म्हणतो.