टोकनची फट

पालेगावच्या शेअर रिक्षाच्या रांगेत माझ्यापुढे पन्नाशीतलं एक जोडपं एकाच मोबाइलमध्ये डोकं घालून उभं होतं.

"माया, हे बघ. व्हिडिओ गेमचं तयार किट. फळ्या, स्क्रीन, बटणं सगळं येतं. आपण फक्त स्क्रू मारायचे."

"फक्त स्क्रू? तुम्ही जोडलेला चपलांचा रॅक अजून हलतोय."

"ती फरशी वाकडी आहे."

"बरं, मग हे टेबलावरचं घ्या ना. स्वस्त आहे, हॉलमध्ये जागा पण खात नाही."

"त्याला टोकन टाकायची फट नाही."

"घरात टोकन कशाला? बटण दाबा नि खेळा. त्या फटीसाठी दोन हजार जास्त द्यायचे?"

"टोकनशिवाय मजा नाही."

"आणि टोकन देणार कोण तुम्हाला?"

"तूच. कॅम्प दोनला तुझ्या मामांच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये गल्ल्यावर बसून द्यायचीस तशी."

"तेव्हा काय भेजा खायचात! एक टोकन न्यायचं, दोन मिनिटांत मरायचं, की परत गल्ल्यापाशी. मामा म्हणायचे, ह्या पोराला खेळता येत नाही आणि खिशात पैसे पण नाहीत."

"पैसे होते. दहाची नोट असायची."

"मग एकदम दहा टोकन का नाही घेतलीत कधी?"

"एकदम घेतली असती, तर परत यायला काय कारण होतं?"

"...आणि दोन मिनिटांत मरायचात, ते?"

"ते खरंच खेळता येत नव्हतं."

रिक्षा आली. ती आधी आत सरकली.

"फटवालंच मागवा. पण एका वेळी एकच टोकन मिळेल."