तिच्या कवितेत तो वळत नाही

मंडळींनो, भोईरताईंच्या घरच्या माणसांनो, आणि पहिल्या रांगेत बसलेली त्यांची लेक अस्मिता,

आजच्या शोकसभेत मला बोलायला जमणार नाही, असं मी सकाळीच कळवलं होतं. मंडळातले म्हणाले, दोन शब्द तरी बोला. शब्दांची अडचण नाही हो. मला भीती वाटतेय. म्हणून लिहून आणलंय. हा कागदच वाचतो.

मी कुणी समीक्षक नाही. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो, जन्मभर रेषा मोजल्या. निवृत्त झाल्यावर इथे डोंबिवलीत, आपल्या काव्यमंडळात, कवितेच्या ओळी मोजायला लागलो. आपला नियम पाहुण्यांसाठी सांगतो. कवीनं कविता वाचायची, आणि मग चर्चा संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही. खुलासा नाही, बचाव नाही. हा नियम मीच आणला. फार अभिमान होता मला त्याचा.

गेल्या बैठकीला ताई ठाण्याच्या खाडीकाठच्या कोलशेतहून आल्या, जिना चढून वर आल्या आणि नवी दीर्घकविता वाचली. ती जुनी ग्रीक कथा. एक गायक मेलेल्या बायकोला पाताळातून परत आणायला जातो. अट एकच, वर पोचेपर्यंत मागे वळून बघायचं नाही. मूळ कथेत तो वळतो आणि तिला गमावतो. ताईंच्या कवितेत पाताळ म्हणजे खाडीखालचा चिखल. बोलते ती बायको. आणि तो वळतच नाही. ती मागून हाका मारते, हा आपला अट पाळत, गात गात, एकटाच वर पोचतो.

मग मी उठलो. वीस मिनिटं बोललो. काय काय दाखवलं मी! सुरुवातीच्या ओळी लांब आहेत, चढण लागते तशा आखूड होतात. शेवटी एका ओळीत एकच शब्द. नवऱ्याच्या गाण्याला यमक आहे, तिच्या हाकेला नाही. आणि हाक मारताना ती पुस्तकी मराठी सोडते, थेट आगरी बोलते: "थांब जरा, मना दम लागलाय." मी म्हणालो, बघा, जीव घाबरला की माणूस आईच्या भाषेत जातो. ताई शेवटी प्रत्येक शब्दानंतर थांबत होत्या. मी त्याचंही कौतुक केलं. म्हणालो, वाचनातसुद्धा श्वास कसा तोडलाय बघा!

मी बोलत असतानाच ताईंनी हात वर केला.

मी म्हणालो, "ताई, नियम म्हणजे नियम!" सगळे हसले. तुम्ही हसलात, मी हसलो. ताईसुद्धा हसल्या आणि हात खाली घेतला. त्यांच्या कपाळावर घाम होता. मला दिसला होता. ऐकताय ना? मला दिसला होता. आणि मी पुढच्या कडव्याकडे वळलो.

चर्चा संपल्यावर त्या म्हणाल्या, "छान बोललात. मी निघते, बरं वाटत नाहीये." मी "जपून जा" म्हटलं आणि दुसऱ्या कुणाशी तरी शेवटच्या ओळीवर वाद घालत बसलो. त्याच संध्याकाळी ताई गेल्या. हार्ट अटॅक.

अस्मिता, दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला. "काका, आई तिकडे काही बोलली का? त्रास होतोय असं काही?" मी म्हणालो, "नाही गं, छान हसत होती."

खोटं बोललो मी. घाबरलो होतो, अजून घाबरलेलो आहे. फोन वाजला की तुझाच असेल असं वाटतं. त्यांनी हात कशाला वर केला असेल? पाणी हवं होतं? डॉक्टर हवा होता? की मी एखादी ओळ चुकीची लावली, एवढंच सांगायचं होतं? मी तिथेच थांबलो असतो, ती मिनिटं हाताशी असती, तर काय झालं असतं, हे डॉक्टरांना विचारायचं धाडस मला होत नाही.

क्षमा मागत नाही, त्याचीही भीती वाटते. पण तुला हे माहीत असायला हवं. तुझ्या आईनं हात वर केला होता, बाळा. मी तो खाली घ्यायला लावला.

आता उभे राहू या. ताईंसाठी दोन मिनिटं शांत राहू. फक्त डोळे मिटू नका, शेजारच्याकडे लक्ष ठेवा. आणि कुणाला बरं वाटत नसेल, तर दोन मिनिटं संपायची वाट बघू नका. लगेच बोला.